पाणी मारायला आणलेला माणूस

"काकांना डोकं चालवायला नाही आणलं. पाणी मारायला आणलंय."

साहेब असं बोलला आणि सगळे हसले. नेपाळातलं डोंगरावरचं गाव, शाळेची एक मोठी खोली, वर आठ दिवसांपूर्वी टाकलेला स्लॅब, खाली बांबूचे टेकू. शाळा बांधून द्यायला आलेली चिंचवडच्या संस्थेची सात-आठ माणसं चहाचे कप घेऊन उभी होती. तीही स्वयंसेवक, मीही स्वयंसेवक. पगार कुणालाच नाही. लाज वाटते ती याची, की त्यांच्याबरोबर मीही हसलो. सवय. जन्मभर साहेब बोलला की हसायचं.

मी एवढंच म्हणालो होतो की आज टेकू काढू नका. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. गावची पोरं त्या खोलीत बसून गाणं म्हणणार, पाहुणे फोटो काढणार. मधे टेकूंचं रान कसं चालेल? पण थंडी कडक होती. थंडीत काँक्रीट सावकाश धरतं. एवढ्या रुंद खोलीला चौदा दिवस तरी टेकू हलवायचे नाहीत, हे माझ्यासारख्या चौथी नापास माणसाला कळतं. साहेब आमच्या तुकडीचा प्रमुख, इंजिनीअर. चाकणच्या कंपनीत गाड्यांचे पार्ट काढतो. माणूस वाईट नव्हता, सकाळी आमच्याबरोबर वाळूची घमेली उचलायचा. पण त्याचं मशीन बटण दाबलं की चालतं. स्लॅब तसा नसतो.

मी महाळुंग्याचा. गवंडी. बायको गेली आणि घर खायला उठलं. लेक म्हणाली, संस्थेला साइट बघणारा माणूस पाहिजे, जावा. परदेश म्हटल्यावर मला वाटलं विमान. तर रेल्वे, आणि पुढं बस, हाडं खिळखिळी होईपर्यंत. तिथं पहाटे उठायचो. वाळूत माती आहे का ते तळहातावर चोळून बघायचो. विटा भिजवायच्या, ओळंबा सोडून भिंत तपासायची, सिमेंटच्या गोणीखाली फळ्या आहेत का बघायचं. बसायचो नाही. बसलं की सरू डोळ्यापुढं यायची. सरू म्हणजे बायको.

त्या दिवशी हसणं संपल्यावर मी बादली घेऊन शिडीनं वर गेलो. स्लॅबवर सिमेंटची बारकी आळी केलेली असतात, त्यात पाणी भरून ठेवायचं, म्हणजे काँक्रीट पक्कं होतं. ओतताना हात थांबला. साहेबाचं बोलणं ओळखीचं होतं. ते माझंच होतं.

तीस वर्षं सरूनं माझ्या साइटवर पाणी मारलं. चैत्राच्या उन्हात, दिवसातून तीनदा, पोटुशी असतानासुद्धा. कुणी विचारलं, वहिनी काय करतात, तर मी म्हणायचो, "काय न्हाई, नुसतं पाणी मारती." तिच्यासमोर. एकदा ती म्हणाली होती, सज्जाचे टेकू आज काढू नका, त्या कडेला दोन दिवस पाणी पडलेलं नाही. मी गड्यांपुढं म्हणालो, "आता तू शिकव मला." गडी हसले. पुढं सज्जाला चीर गेली. कुणी मेलं नाही म्हणून मी विसरलो. ती विसरली नसणार. विचारणार कुणाला?

खाली उतरलो. साहेब तिथल्या मिस्त्रीला, कृष्णाला, टेकूंखालच्या पाचरी ठोकून काढायला सांगत होता. कृष्णा माझ्याकडं बघत होता. मी त्याच्या हातातला हातोडा घेतला आणि साहेबापुढं धरला.

"पहिला टेकू तुमी काढा साहेब. आमी समदे भाईर उभं ऱ्हातो."

साहेब हसला. या वेळी बाकी कुणी हसलं नाही. त्यानं एकदा वर बघितलं. मग म्हणाला, "काका, तुमची लायकी काय आणि बोलताय कुणाशी?"

"पाणी मारतो," मी म्हणालो. "म्हणून सांगतो. ह्यो अजून कच्चा हाय."

हातोडा त्यानं घेतला नाही. कृष्णा बाहेर जाऊन विडी पेटवून बसला. त्याच्यामागं एकेक करत बाकीचे.

उद्घाटन पटांगणात झालं. फोटोत मी नाही, कुणी बोलावलं नाही. स्लॅबला अठरा दिवस भरल्यावर मी आणि कृष्णानं टेकू काढले, मधल्यापासून कडेकडे. नंतर पोरं आत गेली.

घरी आल्यावर संस्थेतल्या बाईंचा फोन. गोड बोलल्या. साहेब दुखावलेत, माफीच्या दोन ओळी लिहून द्या, पुढच्या तुकडीत तुमचं नाव घालते. मी म्हणालो, लिहायला येतं मला, पण ह्या ओळी लिहिणार नाही.

परत फोन नाही. मला जायचं होतं, खोटं कशाला बोलू. घरात दुपार सरत नाही. मग मी चालतो. महाळुंग्यात जिकडं बघावं तिकडं मजले चढतायत. टेकू दिसले की आत शिरतो, विचारतो, टाकून किती दिवस झाले. परवा एका सुपरवायझरनं सांगितलं, "ए म्हाताऱ्या, निघ." पाचच दिवस झाले होते त्या स्लॅबला. मी निघालो नाही. खाली टेकूंच्या मधे बसलो, दिवस मावळेपर्यंत. काल पुन्हा गेलो. उद्याही जाणार. टेकू काढायचे असतील तर आधी मला उचलावं लागेल.