सव्वाआठचा फोन

आमच्या उत्तरेकडच्या, बर्फाळ ग्रानट्रेस्कच्या नगरपालिकेत हेमिंग श्योलुंडने सव्वीस वर्षं काढली, आणि त्यातली निम्मी तरी एकच वाक्य बोलण्यात गेली असतील: "आधी विचारून घेऊ या." कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस म्हणजे आला, दोन बटणं दाबली आणि गेला, असा लोकांना हवा असतो. हेमिंग तसा कधीच नव्हता. सुरुवातीला एकदा त्याने न विचारता सर्व्हरवर आपोआप चालणारं एक काम बंद केलं होतं, तर गुरुवारचं मटारचं सूप दोन शाळांऐवजी अग्निशमन दलाकडे गेलं. जवानांनी ते खाल्लं, आभाराची चिठ्ठीही पाठवली. पोरं मात्र पावावर राहिली. तेव्हापासून त्याने विचारायची सवय लावून घेतली.

आता वय एकसष्ट. गुडघे कुरकुरतात, बायको जाऊन चार वर्षं झाली, आणि घरी गेल्यावर कोट न काढताच तो खुर्चीत झोपतो. गावातली पोरंच कमी झाली, ज्यांचे कॉम्प्युटर तो बघे त्या शाळा बंद पडल्या, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्याला वृद्धसेवा कचेरीत पाठवलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणाऱ्या, गोळ्या देणाऱ्या बायांची ही कचेरी. तिथे सात जुने कॉम्प्युटर होते, आणि सकाळी सातला ते इतके संथ असत की फेरीची यादी उघडेपर्यंत बायांची कॉफी पिऊन होई.

नोव्हेंबरात नवी प्रमुख लोविसा हिने त्याला बोलावलं. पस्तिशीची, चुणचुणीत, मनाने चांगली बाई. तिने इंटरनेटवरून एक यादी छापून आणली होती. कॉम्प्युटर वेगवान करायचा असेल तर पडद्याआड चालणाऱ्या या चाळीस गोष्टी बंद करा, अशी.

"हेमिंग, हे सगळं बंद करून टाक ना. काल एका आजोबांची गोळी वीस मिनिटं उशिरा गेली. मी त्यांच्या मुलीला काय सांगू, की कॉम्प्युटर जांभया देत होता?"

"बंद कशाला? वीज वाचवायची म्हणून तुम्ही रात्री मशिनं बंद करता. रात्रीची सगळी कामं तुंबतात आणि सकाळी सातला एकदम अंगावर येतात. रात्रभर चालू ठेवा, नाहीतर मी त्यांच्या वेळा वेगवेगळ्या लावून देतो."

"रात्री चालू ठेवायचं नाही, तो ठराव झालाय. वेळा लावायला किती दिवस?"

"तीन आठवडे. एकेक बघावं लागेल, कशाचं काय आहे ते. निम्मा कचरा आहे हे मलाही कळतं गं. पण उरलेला निम्माही बंद करेपर्यंत कचराच वाटतो."

"तुझ्याकडे बुधवारपर्यंत वेळ आहे," लोविसा गोड हसून म्हणाली. "आणि मनमानी नको, सगळ्यांना विचारूनच करू."

आमच्याकडे सगळ्यांना विचारणं म्हणजे काय, ते इथे जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. हेमिंगने सातही मशिनांवरची, ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं उतरवून काढली. त्रेपन्न निघाली. ती यादी त्याने अठ्ठावीस जणांना पाठवली: यातलं काही तुमचं असेल तर बुधवारी बारापर्यंत कळवा, उत्तर आलं नाही तर संमती धरू. मंगळवारी साडेनऊच्या कॉफीला लोविसाने तोंडीही विचारलं. सगळ्यांनी दालचिनीच्या गोड पावांकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही. आमच्यात कुणी बोललं नाही म्हणजे ठरलं.

बुधवारी जेवणानंतर हेमिंग एकेक काम बंद करायला बसला. प्रिंटरची शाई दर तासाला तपासणारं गेलं. केव्हाच मोडीत निघालेल्या स्कॅनरचा अपडेट शोधणारं गेलं. जगाच्या पाठीवर कुणालाच नको असलेला हवामानाचा अंदाज आणणारं गेलं. बॅकअप आणि विषाणू पकडणाऱ्या प्रोग्रामला मात्र त्याने हात लावला नाही, लोविसाची यादी गेली चुलीत. एक्केचाळिसाव्या कामाशी तो थांबला. नाव होतं "दाग्नी-सकाळ". रोज सव्वाआठ वाजता, दाराजवळच्या मशिनवर.

दाग्नी कोण हे त्याला ऐकून माहीत होतं. कचेरीतली जुनी बाई, तो यायच्या आधी निवृत्त झालेली, चाळीस किलोमीटरवर बहिणीपाशी राहते. कॉम्प्युटरवेड्या नवऱ्याकडून तिने कचेरीसाठी काय काय करून घेतलं होतं म्हणे. वाढदिवसाच्या शुभेच्छाच असतील. फोनच्या वहीत तिचा नंबर होता, त्याने तो काढलाही. मग त्याला वाटलं, ती बाई बोलघेवडी, अर्धा तास खाईल. बाहेर पावणेतीनलाच अंधारून आलं होतं. पाठ भरून आली होती, अजून बारा कामं उरली होती, आणि अठ्ठावीस जणांपैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता. मीच एकट्याने का विचारत बसायचं, असं त्याच्या मनात आलं. जन्मात पहिल्यांदाच आलं असेल. त्याने वही मिटली आणि ते काम बंद केलं.

गुरुवारी सकाळी मशिनं पटापट उघडली. बाया टाळ्या पिटत बाहेर पडल्या. लोविसाने हिरवा, साखरेचा गुलाब लावलेला केक आणला आणि पहिला तुकडा हेमिंगला दिला. "बघ, तीन आठवडे लागणार होते ना?" सगळे हसले. हेमिंगही हसला. कौतुक झालं की कुणाला वाईट वाटतं? त्या दिवशी घरी गेल्यावर त्याने कोट खुंटीला लावला.

पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी, दुपारी, तो दुकानात खारवलेल्या माशांची बरणी घेत होता. रांगेत पुढे एलोफ होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, लाकूडतोड्या, पाठ अजून ताठ.

"तू कचेरीतला ना रे?" एलोफ म्हणाला. "सकाळचा फोन बंद केलात. बरोबरच आहे म्हणा. खर्च कमी करायचाच असतो."

"कुठला फोन?"

"दाग्नीचा. सव्वाआठला वाजायचा. उचलला की तिचा टेप केलेला आवाज म्हणायचा, सुप्रभात, आज शुक्रवार, ठीक असाल तर एक दाबा. आम्ही आपलं एक दाबायचो. पडलं-झडलं तर दाबायची ती मनगटावरची घंटी नको म्हणणारे आम्ही अकरा जण. मी काय गाय आहे, गळ्यात घंटा बांधून फिरायला?"

"आणि कुणी उचललाच नाही तर?"

"तर तुमची माणसं यायची. दोन वर्षांमागे मी सरपणाच्या खोलीत होतो, उचलला नाही. अर्ध्या तासात दोघी दारात! मला लाजल्यासारखं झालं."

"एलोफ, आठवडा झाला. तू कचेरीत का नाही कळवलंस?"

एलोफला प्रश्नच समजला नाही. "तुम्ही बंद केलाय म्हणजे काही विचार करूनच केला असेल ना. उगाच कशाला कुणाला त्रास द्यायचा?"

माशांची बरणी तिथेच ठेवून हेमिंग गुडघ्यांचा विचार न करता कचेरीकडे धावला. कुणी फोन उचलला नाही की त्याचं नाव कामावरच्या बायांच्या फोनवर संदेशाने येई, आणि बाया समजत की तो घंटीवाल्या केंद्राकडून येतो. वर्षा-दोन वर्षांत एकदा येणारा संदेश, तो आला नाही म्हणून कुणाला चुकल्यासारखं वाटणार? दाराजवळच्या मशिनवर त्याने दाग्नीचं काम हाताने चालू केलं आणि पडद्यासमोर उभा राहिला. अकरा नंबर एकामागून एक लागत गेले. दहा नावांपुढे एक हा आकडा आला. दुकानामागेच राहणाऱ्या एलोफनेही घरी पोचून दाबला. गुनहिल्ड नॉर्लिंग या नावापुढे काही आलं नाही. त्याने पुन्हा लावला. पुन्हा काही नाही.

गुनहिल्डचं घर तळ्याच्या पलीकडे, अठरा किलोमीटर. पाळीवरच्या बाईला मागून यायला सांगून, रुग्णवाहिकेला कळवून तो निघाला. रस्त्यावर ताजं बर्फ होतं, आणि गुनहिल्डच्या अंगणातल्या बर्फावर पाऊल म्हणून नव्हतं. दार उघडंच होतं, त्या बाजूला कुणी कुलूप लावत नाही.

ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर होती. एक्याऐंशी वर्षांची बाई. टेबलाखालची चिंध्यांची सतरंजी कशीबशी ओढून अंगावर घेतलेली. ओठ फुटलेले, डोळे उघडे. हेमिंग खाली बसला तेव्हा तिने सतरंजी हनुवटीपर्यंत घेतली.

"माफ कर," ती म्हणाली. आवाज कागद फाटावा तसा. "अंगावर धड कपडे नाहीत. आणि एवढ्या बर्फातून आलास."

त्याने चमच्याने तिच्या ओठांना पाणी लावलं. तिचं नशीब असं की चुलीत रात्रीचे निखारे होते म्हणून पहिला दिवस घर उबदार राहिलं. बुधवारी सकाळी पडली होती. दोन रात्री. खुबा मोडला होता, आणि डॉक्टरांनी मागाहून सांगितलं की जीव वाचला, पण मूत्रपिंडांना धक्का बसलाय, एका पायाचं मांस मेलंय. त्याच दिवशी आणली असती तर वसंतात चालती झाली असती. आता घर सोडून वृद्धाश्रमात जावं लागेल. त्याच आश्रमात जायचं नाही म्हणून ही बाई अकरा वर्षं एकटी लाकडं फोडत होती.

सोमवारी कचेरीत बैठक झाली. मेणबत्त्या लावल्या, कॉफी आली. लोविसाचे डोळे सुजलेले होते, ती रडली होती हे खरं. तिने वाचून दाखवलं: माहिती पोचवण्याच्या पद्धतीत त्रुटी होती, जुन्या कामांची नोंद नव्हती, यापुढे नोंद ठेवू. सगळ्यांनी माना हलवल्या.

"मी बंद केलं," हेमिंग म्हणाला. "मला दाग्नीचं नाव दिसलं होतं. नंबर काढला होता. आणि मी फोन केला नाही."

सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. खिडकीबाहेर बर्फ काढणारी गाडी गेली.

"आपण व्यक्तींबद्दल बोलत नाही आहोत, हेमिंग," लोविसा हळूच म्हणाली. "पद्धतीबद्दल बोलतोय. तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस." आणि शेजारच्या बाईने त्याच्यापुढे गोड पावांची थाळी सरकवली. तिचा हेतू चांगला होता. सगळ्यांचेच हेतू चांगले होते. हेमिंगला वाटलं, कुणीतरी उठून आपल्याला चार शिव्या घालाव्यात. पण ग्रानट्रेस्कमध्ये शिव्या घालायला कुणी उठत नाही.

गुरुवारी तो इस्पितळात गेला. गुनहिल्ड उशांना टेकून बसली होती, केस कुणीतरी विंचरून दिले होते.

"तू तो, बर्फातून आलेला," ती म्हणाली. "तुझे आभार मानायचे राहिले. फुलं पाठवायची तर पत्ता नव्हता."

"आभार नको मानू. फोन मी बंद केला होता. न विचारता. कंटाळा आला म्हणून."

तिने हातातला पेला खाली ठेवला.

"मी पडले तेव्हा सहा वाजले होते," ती म्हणाली. "भिंतीवर घड्याळ आहे, पडल्या पडल्या दिसायचं. फोन चालू असता तर सव्वादोन तास. सव्वादोन तास कुणीही पडून राहतं रे, मी दोन बाळंतपणं घरात काढली आहेत. पण आधीचे सहा दिवस तो वाजला नव्हता. मला ठाऊक होतं, वाजणार नाही. सव्वाआठ झाले, आणि मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं."

हेमिंगचे डोळे वाहायला लागले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

"तू कचेरीत विचारलं का नाहीस?" तो म्हणाला. "त्या सहा दिवसांत?"

"कारण मी मूर्ख आहे. तुझ्यासारखीच. वाटलं, कशाला त्रास द्या." तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "लोविसा आली होती. म्हणाली, कुणाचीच चूक नाही. मी हो म्हटलं. काय म्हणणार?"

"तू रागावली नाहीस का?"

"रागावलेय," गुनहिल्ड म्हणाली. आणि मग आवाज चढला, इतका की बाजूच्या खाटेवरची बाई वळून बघू लागली. "रागावलेय! माझं घर गेलं. माझं तळं गेलं. एका फोनचा कंटाळा आला तुला, एका फोनचा! आणि वर इथे येऊन रडतोस?"

परिचारिका दारात आली. गुनहिल्डने हाताने तिला परत पाठवलं. हेमिंग खुर्चीत तसाच बसून राहिला, मान खाली घालून, आणि ती बोलत राहिली, थांबत थांबत, दमत, पुन्हा सुरू होत. त्याने एकदाही तिला अडवलं नाही.