दहावं दार

बारावीला मुलीला इंग्रजीत एकोणतीस गुण मिळाले. पास व्हायला तेहतीस लागतात. कंपार्टमेंटची, म्हणजे त्या एका विषयाची फेरपरीक्षा सव्वीस दिवसांवर होती. त्यातही नापास झाली असती, तर अख्खं वर्ष गेलं असतं. तिचं जेवण निम्म्यावर आलं होतं. बायको म्हणाली, "तुम्हीच बसा आता तिच्याजवळ."

मी सरकारी खात्यात आकडेवारीचं काम करतो. भाषेतलं मला फारसं कळत नाही. तरी बसलो.

पुस्तकात एक जुनी इंग्रजी भयकथा होती. एकटा राहणारा माणूस रोज संध्याकाळी घरातली दारं मोजतो. नऊ. एके दिवशी दहा भरतात. त्यावर सहा गुणांचा प्रश्न ठरलेला: सांगणाऱ्याचा सूर कोणता आणि कथेतलं वातावरण कोणतं? मुलगी दोन्हीकडे 'भीती' लिहून आली होती.

मी पेन्सिल घेऊन शब्द मोजले. अंधार चारदा, थंडी दोनदा, भीती एकदाही नाही. तक्ता केला.

"बाबा, ही काय जनगणना आहे?"

"मग तू सांग. भीती हा शब्दच नाही, तर भीती येते कुठून?"

तिनं पान पुन्हा वाचलं. "तो घाबरतच नाही यार. दहावं दार दिसतं, तरी आरामात सांगतो, दहा. दूधवाल्याला पिशव्या सांगाव्यात तसं. म्हणूनच मला भीती वाटते."

"म्हणजे सूर शांत, आणि वातावरण..."

"बिल्कुल तुमच्यासारखा आहे तो."

"माझ्यासारखा?"

"रोज चहा पिताना सांगता ना? एकोणीस दिवस राहिले. अठरा राहिले. मग मला जेवण जात नाही, बाबा."

पुस्तक तोंडावर धरून ती रडायला लागली. मला वाटायचं, आकडा सांगितला की तिला धीर येईल. खरं म्हणजे घाबरलो मीच होतो. आकडा बोलताना माझा आवाज कापत नसे, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी मनातल्या मनात मोजू लागलो.

परीक्षेच्या सकाळी मेट्रोनं करोल बागेला गेलो. वाटेत तिनं माझा हात धरून ठेवला होता. केंद्राच्या फाटकाशी तिनं विचारलं, "किती वेळ आहे?"

घड्याळात पाहिलं. बावीस मिनिटं.

"आहे अजून," मी म्हणालो, आणि माझा आवाज कापला. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, हात सोडला आणि आत गेली.