पहिलं काय लागलं
सोल्डरिंग करताना राळेचा धूर नाकात गेला की मला मोहन्याला राहणारे ते काका आठवतात. ते जुने रेडिओ दुरुस्त करायचे आणि प्रत्येक रेडिओचं एक पान आपल्या वेबसाइटवर टाकायचे. आमच्या जुन्या रेडिओवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये जो तो अशी स्वतःची साइट चालवायचा. सगळं एकाच सामायिक साइटवर आणू, हा हट्ट माझा. त्यासाठीच एका रविवारी डोंबिवलीहून त्यांच्याकडे गेलेलो. खिडकीपाशी उघडे रेडिओ मांडलेले, तापलेल्या धुळीचा वास, आणि फळीवर त्यांच्या वारलेल्या बायकोचा तपकिरी रेडिओ. त्यांच्या प्रत्येक पानाच्या शेवटी एक ओळ असायची, दुरुस्तीनंतर पहिलं काय लागलं त्याची. कुठे भजन, कुठे बाजारभाव, कुठे नुसती खरखर. मी माझा फॉर्म दाखवला: मॉडेल, साल, सर्किट. "अरे, पहिलं काय लागलं ते कुठे लिहू?" "काका, त्याला रकाना नाहीये. आणि जुनी साइट काढून टाका, दोन दोन ठिकाणी असलं की लोकांचा घोळ होतो." "बरं, तुला त्यातलं जास्त कळतं," ते म्हणाले, आणि माझ्यासमोरच सगळं पुसून टाकलं. आता काका नाहीत. आमची साइट मस्त चालते, त्यांच्या प्रत्येक रेडिओचं सर्किट तिथे चटकन सापडतं. परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. "दादा, आईच्या रेडिओवर पहिलं काय लागलेलं, ते बाबांनी तुमच्या साइटवर लिहिलंय ना? मला सापडत नाहीये." मी म्हणालो, "बघतो हं."