बाबांना मध्येच उठावं लागणार नाही असा सिनेमा

मंडळी, रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून बघता येईल असा सिनेमा देवासमध्ये तुम्हाला मिळतो का? मला तर आजही मिळाला नाही.

सीडीच्या दुकानात दोनदा विचारलं, "भिया, फैमिली के साथ देख सकते हैं न?" तो म्हणाला, "बिल्कुल, दीदी."

अर्ध्या तासात हीरो-हिरॉइन भिजत नाचायला लागले. लेकीने मटार सोलता सोलता मान खाली घातली, हे रिमोट शोधायला लागले, आणि माझे सासरे नेहमीसारखे उठले. "टाकी भरली का बघून येतो."

आज तर नळच आला नव्हता.

गाणं संपल्यावर मी त्यांना बोलवायला गच्चीवर गेले. म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. पुढच्या वेळी नीट चौकशी करून आणेन."

ते हसले. "मला काही वाटत नाही गं. पण मी बसलो की तुम्ही सगळे अवघडून बसता."

बारा वर्षं मी समजत होते की बाबा लाजून उठतात.

या बारा वर्षांत त्यांनी आमच्याबरोबर एकही सिनेमा सलग पाहिलेला नाही. तुमच्या घरी सगळ्यांनी बसून पाहिलेला एखादा असेल, तर नाव सांगा ना.