नावं जपणाऱ्या सेलीनबाई

सेलीन तुस्कानो यांच्याशी माझी पहिली भेट जवळजवळ भांडणातच झाली. गौरवग्रंथात हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, आणि वाचताना त्यांनाही वाटणार नाही.

नव्वदच्या दशकाची ती अखेर होती. वसईत माणिकपूरला माझ्या दिरांचं सायबर कॅफे होतं. विरारच्या मनवेलपाड्याहून येऊन मी तिथलं काउंटर सांभाळायचे आणि मधल्या वेळात लोकांना वेबसाइटची पानं करून द्यायचे. त्या दुपारी लोणची-पापड करणाऱ्या एका महिला मंडळाचं काम हातात होतं. शेजारच्या कॉम्प्युटरवर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. नेटका करडा बॉबकट, मांडीवर पर्स. त्या बराच वेळ माझ्या स्क्रीनकडे बघत होत्या.

"हा वेबसाइटचा पत्ता मला फोनवर सांगताय असं समजून सांगा," त्या अचानक म्हणाल्या.

मी सांगू लागले. मंडळाच्या नावात तीन शब्द होते आणि मध्ये दोन आडव्या रेघा.

"आडवी रेघ म्हणजे? खालची?"

"नाही, मधली."

"आणि उद्योगमध्ये वाय एक की दोन?"

"एकच. म्हणजे... डी-वाय."

ऐकू आलं तसं त्यांनी कागदावर लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या पत्त्याशी त्याचा काही मेळ नव्हता. "लोणचं चांगलंच असेल हो," त्या म्हणाल्या, "पण गिऱ्हाईक दारापर्यंत पोहोचायला हवं ना?"

मला राग आला होता. तरी संध्याकाळी मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून नाव बदलूया का, असं विचारलं. पुढच्या आठवड्यात बाई परत आल्या तेव्हा त्यांच्यासाठी मी स्वतःहून चहा मागवला. तेव्हापासून आम्ही बरोबर काम करतो आहोत.

त्यांचा व्यवसाय काय, हे आजही पुष्कळांना नीट सांगता येत नाही. इंटरनेटवर प्रत्येक वेबसाइटला स्वतःचा पत्ता लागतो. त्याला डोमेन नेम म्हणतात. ते आपल्या नावावर नोंदवावं लागतं आणि मुदत संपली की नोंद पुन्हा करावी लागते. नाही केली तर नाव सुटतं आणि ज्याला हवं तो ते घेऊ शकतो. पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल असं नाव आज ओळखायचं, नोंदवून ठेवायचं आणि योग्य माणूस आला की त्याला विकायचं, हे सेलीनबाईंचं काम. वसई-विरारमध्ये प्लॉट घेऊन ठेवणारे तेव्हा गल्लोगल्ली होते. नावं घेऊन ठेवणाऱ्या मला ठाऊक असलेल्या त्या एकट्याच.

मूळच्या त्या वसईतल्या गास गावच्या. फोर्टमधल्या एका ट्रेडमार्क वकिलांच्या ऑफिसात त्यांनी पंचवीसेक वर्षं स्टेनो म्हणून काढली. आईचं आजारपण वाढलं तेव्हा नोकरी सोडून त्या माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये आईजवळ राहू लागल्या. घर सोडून फार वेळ बाहेर राहता येत नव्हतं, म्हणून घरी बसून होईल असं काम त्या शोधत होत्या. एका साबणाच्या किंवा बिडीच्या नावावरून माणसं किती वर्षं कोर्टात लढतात, हे त्यांनी टाइप करता करता पाहिलं होतं. नाव ही मिळकत आहे, ही गोष्ट त्यांना वेगळी शिकावी लागली नाही.

नाव निवडण्याची त्यांची रीत शांत होती. लोक कोणते शब्द टाकून शोधतात हे दाखवणारी साधनं त्या वापरत. कुठली नावं सुटणार आहेत याच्या याद्या रोज सकाळी वाचत. एखादं नाव आज कुणाकडे आहे हे बघत, आणि पूर्वी त्या पत्त्यावर काय होतं हे जुन्या पानांच्या संग्रहात जाऊन तपासत. मी एकदा म्हटलं, "आता यंत्रच सगळं सांगतं की!" त्यावर त्या म्हणाल्या, "यंत्र सांगतं नाव मोकळं आहे. चांगलं आहे असं कुठे सांगतं?"

चांगलं की वाईट, ते ठरायचं गासच्या घरी. तिथे त्यांच्या भावजय मार्थावहिनी असत. बाई फोन लावून नाव एकदाच उच्चारायच्या आणि वहिनींनी ते इंग्रजीत लिहून परत वाचून दाखवायचं. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत घालताना आपण किती अडखळतो, हे मला त्या फोनांमुळे कळलं. वसईतला 'व' व्हीनं लिहायचा की डब्ल्यूनं, इथपासून सुरुवात. वहिनी चुकल्या की बाई ते नाव सोडून द्यायच्या, मग आम्हाला ते कितीही आवडलेलं असो. त्या काळात जो तो नावाआधी इंग्रजी 'ई' लावत सुटला होता. तसलं एकही नाव त्यांनी घेतलं नाही.

विरारचे एक जमीनखरेदीवाले गृहस्थ एकदा कॅफेत आले. मोठ्या कंपन्या अजून इंटरनेटवर आलेल्या नाहीत, त्यांची नावं आपण आधी अडकवून ठेवू, मग त्या येतीलच आपल्या दारात, असा त्यांचा बेत होता. पैसा त्यांचा, नावं शोधायची बाईंनी.

"प्लॉटसारखंच आहे ना हे?" ते म्हणाले.

"नाही. प्लॉट रिकामा असतो," बाई म्हणाल्या. "या नावांत आधीच माणसं राहताहेत. ती उठवायचं काम मी करणार नाही."

गृहस्थ हसून निघून गेले. पुढे त्यांनी दुसऱ्या कुणाकडून ते काम करून घेतलं का, मला माहीत नाही. सेलीनबाईंनी मात्र शब्दकोशातले, सगळ्यांचे असलेले साधे शब्दच घेतले. फळांचे, फुलांचे, शेतीचे, घरगुती वस्तूंचे. कुणाच्या घामावर उभं राहिलेलं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

आता मी जे सांगणार आहे ते गौरवग्रंथात सहसा येत नाही, कारण ती त्यांच्या चुकीची हकिगत आहे. बाईंना मी आधी विचारलं. "तेच लिही," त्या म्हणाल्या, "बाकीचं लोक लिहितीलच."

गासला इनास नावाचे बँडमास्तर आहेत. त्यांचा 'सोनसूर' नावाचा ब्रास बँड लग्नांत आणि सणांना वाजवतो. गावातली बरीच मुलं आखातात नोकरीला असल्यामुळे नाताळात आणि मे महिन्यात गावी लग्नं लागतात आणि बँड तिकडूनच ठरवला जातो. म्हणून बाईंनी इनासना पत्ता घेऊन दिला आणि मी पान करून दिलं. 'सूर' इंग्रजीत एका यूनं लिहायचं की दोन ओंनी, यावर एकमत होईना. खुद्द मार्थावहिनींनी एकदा असं आणि एकदा तसं लिहिलं. शेवटी बाईंनी दोन्ही स्पेलिंगं नोंदवली. कुठल्याही पत्त्यावर पाठवलेली ईमेल एकाच ठिकाणी येत असे.

काही वर्षांनी बाईंनी आपल्याकडच्या नावांची छाटणी केली. प्रत्येक नावाची फी भरत राहणं परवडत नाही, म्हणून अशी छाटणी त्या अधूनमधून करत. त्यात सोनसूरचं दोन ओंचं स्पेलिंग त्यांनी जादाचं समजून सोडून दिलं. बँडची कार्डं त्याच स्पेलिंगनं छापली आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी इनासना विचारलंही नव्हतं.

नाताळ तोंडावर आला असताना इनास कॅफेत आले. त्यांच्या घरच्या बोलीत ते भराभर बोलत होते. मला समजलं तेवढं मी लिहिते.

"बाय, मस्कतवरनं एकही ईमेल नाही. आणि माझा पुतण्या सांगतो, आपल्या पत्त्यावर घाणेरडी चित्रं आहेत. काय केलंस तू?"

बाईंनी पत्ता उघडला आणि लगेच बंद केला. सुटलेलं नाव परदेशात कुणीतरी उचललं होतं आणि त्यावर बायकांची नको तसली चित्रं लावली होती. चर्चच्या सणाला वाजवणारा बँड, आणि त्याच्या कार्डावर हा पत्ता. दोन घरांनी ठरलेला बँड रद्द केला होता. आपल्या बँडचं काय चाललंय, असं इनासच्या बायकोला कुणीतरी बाजारात ऐकवलं होतं.

मी चटकन म्हणाले, "पोस्टातून नोटीस आली नसेल, नोंदणी करणाऱ्या कंपनीनं कळवलं नसेल..."

"कळवलं होतं," बाई म्हणाल्या. "मीच सोडलं. इनास, चूक माझी आहे."

इनास उठून गेले.

त्या रविवारी फादरांची परवानगी घेऊन मिस्साची प्रार्थना संपल्यावर त्या गासच्या चर्चच्या आवारात उभ्या राहिल्या. मी बरोबर गेले होते. ज्या गावात लहानपण गेलं, तिथल्याच माणसांपुढे त्या सांगत होत्या, की ती चित्रं इनासनं लावलेली नाहीत, पत्ता आपल्याच हातून गेला, बँडला बोल लावू नका. पुष्कळांना त्यातलं काही कळलं नाही. एक आजोबा म्हणाले, "मग ते पान फाडून टाक की!" मागून कुणीतरी विचारलं, "नाव विकून तुला किती मिळाले?"

"विकलं नाही," बाई म्हणाल्या. "टाकून दिलं. विकलं असतं तर निदान कुणाला दिलं ते तरी माहीत असतं."

इनास लांब, फाटकाशी उभे होते. ते जवळ आले नाहीत, पण निघूनही गेले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी नव्या मालकाला लिहायला सुरुवात केली. त्यानं सांगितलेली रक्कम ऐकून मी म्हणाले की सोडून द्या, एका यूचं स्पेलिंग आपल्याकडे आहे, नवी कार्डं छापू.

"जुनी कार्डं लोकांच्या कपाटांत आहेत ना," त्या म्हणाल्या. "उद्या कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की आई ते कार्ड काढून मुलीच्या हातात देईल. त्या मुलीनं काय बघायचं?"

त्यांच्याकडे एक नाव होतं. एका फुलाचं, छोटं, कुठल्याही देशात उच्चारता येईल असं. सुरुवातीच्या काळात मिळालेलं ते त्यांचं सगळ्यात चांगलं नाव होतं. चांगली मागणी येऊनही त्यांनी ते राखून ठेवलं होतं. आईच्या पुढच्या दुखण्याखुपण्याची सोय म्हणून त्या त्याकडे बघत. ते त्यांनी विकलं आणि सोनसूरचं दोन ओंचं नाव परत आणलं. वाट बघितली असती तर फुलाच्या नावाला जास्त मिळालं असतं. मी तसं म्हटलंही. त्यांनी नुसता हात हलवला.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. नाव परत येईपर्यंत नाताळचा हंगाम संपला होता आणि गेलेली लग्नं गेलीच. इनास कित्येक आठवडे बाईंशी बोलले नाहीत. मे महिन्याच्या आधी आखातातून पुन्हा ईमेल येऊ लागल्या. मग एका सकाळी ते नव्या कार्डाचा कच्चा नमुना घेऊन बाईंच्या घरी आले. "छापायच्या आधी वाच," एवढंच म्हणाले. बाईंनी प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचलं. आत पलंगावरून त्यांच्या आईनं विचारलं, "कोण, इनास आलाय का? त्याला चहा दे." इनास बसले, आणि चहा पिऊनच गेले.

तेव्हापासून सेलीनबाई कुठलंही नाव सोडण्याआधी ज्याचा त्याच्याशी संबंध असेल त्याला फोन करतात. नावं शोधायचं काम शिकायला येणाऱ्या नव्या मुलांना त्या पहिल्यांदा सोनसूरची हकिगत सांगतात, आणि त्यात स्वतःला कुठेही झाकत नाहीत. कमाई कशी करायची हे सांगणारी माणसं त्या मुलांना पुष्कळ भेटतात. सोडताना काय बघायचं, हे त्यांना इथेच ऐकायला मिळतं.

माझ्या स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. माझी मुलगी झाली तेव्हा माझ्या बाळंतपणात कॅफेला कुणी नव्हतं. दिरांना नोकरी होती. आईच्या सोबतीला शेजारीण बसवून सेलीनबाई रोज दुपारी माझ्या काउंटरवर बसल्या. महिनाभर त्यांनी कुणाचे तास मोजले, कुणाला ईमेल लिहून दिली, आणि मोबदल्याचं नाव काढलं की विषय बदलला. बारशाला मी त्यांना म्हटलं, "इतक्या लोकांना नावं शोधून दिलीत, हिचंही तुम्हीच सुचवा." त्यांनी बाळाला घेतलं आणि माझ्या सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. "हिचं नाव हिच्या आजीनं ठेवू दे. मी शोधते ती नावं विकायची असतात."

आता कॅफे राहिलं नाही. घरोघरी इंटरनेट आलं. बाईंच्या आईही गेल्या. शेवटपर्यंत त्यांच्या औषधपाण्यात बाईंनी काही कमी पडू दिलं नाही. आम्ही दोघी आता त्यांच्याच फ्लॅटमधून काम करतो. गेल्या आठवड्यात मी त्यांना एक बातमी वाचून दाखवली, की पुढे हे पत्ते देवनागरीतही लिहिता येतील अशी बोलणी चालली आहेत. त्यांनी चष्मा काढला.

"मग 'ळ' लिहिता येईल?"

"येईल असं दिसतंय."

"म्हणजे केळी केळीच राहतील, 'केली' होणार नाहीत!" असं म्हणून त्या लहान मुलीसारख्या हसल्या, आणि लगेच डोळे तपासायला डॉक्टरांची वेळ घ्यायला त्यांनी मला सांगितलं. अजून पुष्कळ वाचायचं आहे, म्हणाल्या.

साठावं वर्ष पूर्ण करताना त्यांची नजर स्वच्छ राहो, कान असेच तीक्ष्ण राहोत आणि गासच्या घरचा फोन वाजत राहो. देवनागरीतलं पहिलं नाव नोंदवायला त्या बसतील तेव्हा शेजारच्या खुर्चीवर मी असेन. त्यानंतरही पुष्कळ वर्षं आम्हाला त्यांच्याकडून आमच्या चुका काढून घ्यायच्या आहेत.