चार बोटं पाणी

साठीनंतर व्हिडिओ बघबघून हे रोबोटचं शिकले मी, आता गावातल्या पोरांना शिकवते. आपोआप चालणाऱ्या पंपाच्या किटच्या पुस्तकात लिहिलं होतं, माती ओली झाली की पंप बंद. सातवीतल्या एका पोरीनं मात्र धानाच्या बांधीत चार बोटं पाणी साचेपर्यंत पंप चालेल असा कोड लिहिला.

"मॅडम, नुसत्या ओलाव्यानं धान होते का?"

खरंच होतं तिचं. पण निवड करायला येणारे साहेब पुस्तक बघूनच गुण देणार, आणि तिला तर जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जायचंच होतं. मग मीच तिला कोड बदलायला लावला, काय करणार? तिची निवड झाली. आता रोज विचारते, "तिथं कोणी म्हटलं, कोणत्या पिकाचा पंप, तं काय सांगू?" मी वायर गुंडाळत बसते.