सुभेदारकाकांनी दिलेला रोल

सुभेदारकाकांना कुणी हौसेने फोटोची निगेटिव्ह दाखवली, तर त्यांना तिच्यातलं लग्न, बारसं, जत्रा काही दिसत नसे. दिसत ते फक्त डाग. निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि क्षणात निकाल द्यायचा, "बोअरचं पानी वापरलंस." आणि तो निकाल कधी चुकत नसे.

लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्यात स्थायिक झालेल्या या गृहस्थांनी घरातल्या मोरीचीच डार्करूम केली होती. सगळं जग मोबाइलवर फोटो काढत असताना मला ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुण्याचं खूळ लागलं, आणि मी दर रविवारी कोरेगावहून त्यांच्याकडे जाऊ लागलो.

पहिल्याच रोलवरून त्यांनी माझी बिनपाण्याने केली. पांढुरके ओघळ होते ते जड पाण्याचे. शेवटी फिल्म गॅरेजातून आणलेल्या बॅटरीच्या शुद्ध पाण्याने धुवायची. ओरखडे होते ते ओली फिल्म बोटांनी पुसल्याचे. आणि काचेसारखे कोरे गोल ठिपके हवेच्या बुडबुड्यांचे. बुडबुडा चिकटतो तिथे औषध पोचत नाही, आणि फोटोत नेमका तिथेच काळा ठिपका उमटतो. "औशद वतलं की फिल्मचा डबा वट्यावर आपट गड्या! लाजतूस काय?" तरी ठिपका राहिलाच, तर निगेटिव्हवर बारीक ब्रशने रंग भरून तो बुजवायलाही त्यांनीच शिकवलं.

हे चालू असताना काकी दाराशी चहा आणून देत. "आवं, त्येला जेवू तरी द्या," एवढंच त्यांचं बोलणं. कप घेताना माझी नजर फिल्मवर असे.

मग काकी गेल्या, अगदी अचानक. महिन्याभराने काकांनी एक रोल माझ्या हातात ठेवला.

"दिवाळीत काडलेलं फोटू हायेत तिचं. मला जमायचं न्हाई, तू धू. दुसरा धड फोटू न्हाई तिचा."

जीव मुठीत धरून मी तो धुतला. सगळीकडे काकी हसू लपवायला तोंडावर पदर धरून होत्या. एकाच फोटोत पदर सुटला होता, आणि तिथे हनुवटीवर नेमका एक कोरा गोल ठिपका. बुडबुडा! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तासभर खपून ठिपका बुजवला, प्रिंट काढली आणि निगेटिव्हसकट मोठ्या ऐटीत काकांपुढे ठेवली.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि प्रिंट खिडकीच्या उजेडात धरली.

"हितलं गोंदान कुठं गेलं रं?"

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा तोंड कुठे लपवू असं झालं. काकींच्या हनुवटीवर लहानपणी गोंदवलेला हिरवा ठिपका होता. वर्षभर मी त्यांच्या हातचा चहा प्यालो होतो, आणि मला तो माहीतच नव्हता.

काका ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते उठले आणि बशीत पाणी घेऊन आले. "निगेटिव्ह टाक ह्यात. रंग सुटंल." आम्ही दोघं बशीवर वाकून बसलो. हळूहळू रंग सुटला, ठिपका उघडा पडला.

"हाय की," ते म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. मलाही आवरलं नाही.

संध्याकाळी घरी गेलो, तर आई मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"काय रं," ती म्हणाली, "काय लागलंय का माज्या तोंडाला?"